सभेला नागरिक उपस्थित : एक

शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५. सकाळी मिस्सा. गर्दी फार, गाडी लांब लावावी लागली. उन्हाचा जोर आता उतरला आहे. दुपारी बऱ्याच दिवसांनी एसी बंद करून खिडकी उघडली. अलिनाने सुरमईचं कालवण केलं, आंबट छान झालं होतं. संध्याकाळी खालच्या मजल्यावरचा रॉबर्ट आला. चहा नको म्हणाला, म्हणजे काहीतरी बिनसलं होतं. म्हणाला, आंटी, मला तीन मिनिटांचं इंग्रजी भाषण लिहून द्या, मंगळवारी इंग्लंडच्या एका गावाच्या सभेत बोलायचं आहे.

माझ्या डायरीतली ही नोंद नवख्या माणसाने वाचली तर तो गोंधळून जाईल, म्हणून आधी रॉबर्ट कोण ते सांगते.

रॉबर्ट मच्याडो मूळचा वसईतल्या नंदाखालचा. आज जिथे मुशैरिबच्या चकचकीत इमारती उभ्या आहेत, तिथल्या जुन्या वस्तीत एका खोलीत पाच जणांबरोबर त्याने दोहातली पहिली वर्षं काढली. पुढे एका रुग्णालयाच्या भांडारात नोकरी लागली आणि तो अल मुंतझा भागात आमच्या इमारतीत राहायला आला. बायको मार्था आणि मुलगी स्टेफी काही वर्षं इथेच होत्या. मग रॉबर्टच्या आईने अंथरूण धरलं आणि मार्था नंदाखालला परत गेली. स्टेफी नर्स झाली आणि इंग्लंडला गेली. तिचं मन नव्हतं. रॉबर्टनेच आग्रह करून पाठवलं. तेव्हापासून एका घराची तीन घरं झाली आहेत, आणि तिन्ही घरांत मोबाईल एकाच वेळी वाजतो.

दोहातले वसईकर त्याला ओळखतात ते भांडारातल्या कामासाठी नाही. नाताळ असो, सण असो, कुणाच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असो, माईक रॉबर्टच्या हातात. आवाज भरदार आणि घाई अजिबात नाही. मंचावरच्या प्रत्येकाचं नाव घेतल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. फादरांपासून खुर्च्या मांडणाऱ्यापर्यंत सगळ्यांचं स्वागत, सगळ्यांचे आभार. एकदा नाताळच्या कार्यक्रमात त्याचं स्वागतच इतकं लांबलं, की माझी सून अलिना मागच्या रांगेतून म्हणाली, "रॉबर्ट अंकल, यल्ला, आवरा, आता ईस्टर येईल." सगळे हसले. रॉबर्टही हसला, आणि मग त्याने अलिनाचेही आभार मानले.

स्टेफी इंग्लंडमध्ये ऑल्डरकोट नावाच्या गावात राहते. गाव म्हणजे एक रस्ता, एक चर्च, थोडी शेतं आणि म्हाताऱ्यांच्या सेवाश्रमाची एक मोठी इमारत. तिथे ती नर्स आहे. आता सात वर्षं झाली, कायम राहण्याचा परवानाही मिळाला. बस थांब्यापासून तिच्या घरापर्यंतची गल्ली काळोखी, तिथे एक दिवा लावा म्हणून ती गावाच्या कौन्सिलकडे तक्रार घेऊन गेली. कौन्सिलवर एक जागा रिकामी होती आणि निवडणुकीला कुणी उभं राहत नव्हतं. तक्रार ऐकून घेऊन त्यांनी तिलाच विचारलं, तुम्ही येता का? अशी आमची स्टेफी इंग्लंडमधल्या पॅरिश कौन्सिलची सभासद झाली.

वसईच्या माणसाला पॅरिश म्हटलं की आपला धर्मग्राम, म्हणजे एका चर्चखालचा परिसरच आठवतो. तिकडे मात्र गावकारभाराच्या सगळ्यात खालच्या पायरीलाही पॅरिश म्हणतात; आपल्या ग्रामपंचायतीचंच धाकटं भावंड. चर्चशी त्याचा संबंध नाही. दिवे, बाकं, कुंपणं, पायवाटा, कुत्र्यांच्या घाणीसाठी डबे, असा सगळा तो कारभार. महिन्यातून एका मंगळवारी गावच्या हॉलमध्ये सभा भरते. ज्यांना येणं जमत नाही त्यांनी घरी बसून बघावं म्हणून मागच्या वर्षी त्यांनी टेबलाच्या टोकाला एक लॅपटॉप आणि कॅमेरा ठेवला.

स्टेफीने हे फोनवर सहज सांगितलं. रॉबर्टने गावाचं संकेतस्थळ शोधलं, दुव्यावर बोट ठेवलं आणि दोहात बसून तो ऑल्डरकोटच्या सभेत जाऊन बसला. नावाच्या जागी नुसता ‘आर’. कॅमेरा बंद, आवाज बंद. पलीकडे बघायला दुसरं कुणीच नव्हतं. सभेच्या इतिवृत्तात दर महिन्याला एकच ओळ येऊ लागली : नागरिक उपस्थित, एक.

काही महिन्यांनी त्याचा लॅपटॉप बिघडला आणि तो माझ्या मुलाचा मागायला वर आला. तेव्हा मला हे कळलं. मग सभा आमच्या जेवणाच्या टेबलावर होऊ लागली. उन्हाळ्यात त्यांचे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे दोहातले साडेआठ. अलिना ताटं उचलता उचलता म्हणायची, "बसा, तुमची मालिका सुरू झाली." खरंच तसंच होतं. मिसेस ब्लॅकमोर अध्यक्ष. चष्मा नाकाच्या टोकावर, सभा वेळेवर सुरू आणि वेळेवर बंद. टॉमलिन नावाचा शेतकरी, कशालाही आधी नाही म्हणणारा. मिस डॉबी, पूर्वी टपाल वाटायच्या, आता गावच्या फुलझाडांचं बघतात. नील नावाचा तरुण सायकलवरून यायचा आणि हेल्मेट मांडीवर घेऊन बसायचा. आणि पाचवी स्टेफी.

मी कुंपणाच्या चर्चेत रमायचे. रॉबर्टचं लक्ष मात्र पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात. स्टेफी हसताना तोंडावर हात धरते, तशी हसली की तो इथे हसायचा. दिव्याच्या ठरावावर ती टॉमलिनशी भांडली आणि हरली, तेव्हा त्याला जेवण गेलं नाही. पुढच्या महिन्यात ती जिंकली, तेव्हा त्याने माझ्याकडच्या बिस्किटांचा डबा संपवला. थंडीत एकदा ती सारखी खोकत होती. दुसऱ्या दिवशी फोनवर त्याने खोकला कसा आहे म्हणून विचारलं. तुम्हाला कसं कळलं, असं तिने विचारलं तेव्हा म्हणाला, आवाजावरून. दर सभेनंतर तो मार्थाला फोन लावायचा. मार्थाला दिव्यांत आणि कुंपणांत रस नव्हता. तिचे प्रश्न ठरलेले : वाळली का? केस कापले का? अंगात स्वेटर कुठला होता?

मी त्याला एकदा म्हटलं, अरे, पोरीला सांगून टाक की. चोरून कशाला बघतोस?

"आंटी," तो म्हणाला, "पहिल्या वर्षी ती फोनवर रडायची. मग रडायची थांबली आणि नुसतं ‘फाइन’ म्हणायला लागली. कशी आहेस? फाइन पप्पा. जेवलीस का? फाइन पप्पा. मी बघतोय हे कळलं तर ती तिथेही फाइन होऊन बसेल."

माझाही मुलगा दिवसभर बाहेर असतो आणि घरी आला की सगळं ठीक असतं.

तर त्या शुक्रवारी तो आला तो मंगळवारच्या सभेची विषयपत्रिका घेऊन. सातवा विषय : ऑनलाइन प्रक्षेपण बंद करण्याबाबत. कारणंही दिली होती. वायर हॉलमध्ये आडवी पडते आणि माणसं अडखळतात. लॅपटॉप दर वेळी ने-आण करावा लागतो. आणि बघणारं कुणी नाही; एक अनोळखी इसम सोडून.

तो अनोळखी इसम माझ्यासमोर बसला होता.

त्याने हिशेब मांडून ठेवला होता. टॉमलिन विरुद्ध. मिस डॉबी त्या वायरीत दोनदा अडखळल्या आहेत, त्यामुळे त्याही विरुद्ध. नील बाजूने. स्टेफी बाजूने, कारण मुळात कॅमेऱ्याची सूचना तिचीच. मिसेस ब्लॅकमोर कुठे झुकतील सांगता येत नाही. सभेच्या सुरुवातीला नागरिकांना प्रत्येकी तीन मिनिटं बोलता येतं. तेवढ्यात त्याला मिसेस ब्लॅकमोरना वळवायचं होतं. स्टेफीला कळेल, असं मी म्हटलं. तो म्हणाला, कळू दे. रागावली तर रागावली, पण खिडकी तर उघडी राहील.

मी त्याला पाऊण पानाचं भाषण लिहून दिलं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला शिकवलं होतं, जे मागायचं ते पहिल्या वाक्यात मागा. तसंच लिहिलं : मी परदेशात राहतो, माझी मुलगी तुमच्या गावात आहे, कृपया प्रक्षेपण चालू ठेवावं. रॉबर्टने वाचलं आणि त्याचा चेहरा आक्रसला. म्हणाला, आंटी, यात स्वागतच नाही. मी म्हटलं, तिकडे स्वागत करत नाहीत. तो म्हणाला, सभेत उभं राहून आल्या आल्या मागायचं, हे मला जमणार नाही. शेवटी मी म्हटलं, घाल एक ओळ. कागद घेऊन तो खाली गेला.

मंगळवारी रॉबर्ट इस्त्रीचा शर्ट आणि टाय घालून आला. नाताळचा टाय. अलिनाने तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते. बोलायचं तर कॅमेरा चालू करावा लागेल असं कौन्सिलच्या सचिवबाईंनी विषयपत्रिकेतच कळवलं होतं, म्हणून त्याला खिडकीकडे पाठ न करता भिंतीकडे पाठ करून बसवलं. मी टेबलाच्या या बाजूला, पडद्यात न येईन अशी बसले.

मिसेस ब्लॅकमोरनी विचारलं, आज कुणा नागरिकाला बोलायचं आहे का? रॉबर्टने बटण दाबलं. पडद्यावर तो आला. हॉलमधल्या लॅपटॉपमध्येही आला असणार, कारण सगळ्या माना एकदम वळल्या. सचिवबाईंनी नाव विचारलं.

"रॉबर्ट मच्याडो. दोहा, कतार."

टॉमलिनने विचारलं, कुठे? आणि त्याच वेळी स्टेफी उभी राहिली. तिचा हात तोंडावर गेला होता, पण ती हसत नव्हती. ती म्हणाली, अध्यक्षबाई, मला हितसंबंध जाहीर करायचा आहे. हे माझे वडील आहेत.

हितसंबंध म्हणजे, ज्या विषयात सभासदाचं काही स्वतःचं गुंतलेलं असेल, तिथे त्याने ते सांगायचं आणि गरज पडली तर बाहेर जायचं, असा तिकडे नियम आहे. मिसेस ब्लॅकमोरनी चष्मा वर केला आणि तिला विचारलं, हे कधीपासून माहीत आहे?

"वडील आहेत हे जन्मापासून," स्टेफी म्हणाली. "इथे आहेत हे आत्ताच कळलं."

सचिवबाई म्हणाल्या, नातं सांगितलंत, एवढं पुरे आहे, बाहेर जायलाच हवं असं नाही. पण स्टेफी काटेकोर मार्थाची मुलगी. नियम म्हणजे नियम. म्हणाली, हे भाषण आणि सातवा विषय दोन्ही होईपर्यंत मी बाहेर थांबते. सातवा विषय आत्ताच घेऊन टाकू, असं अध्यक्षांनी ठरवलं. स्टेफी खुर्चीवरचा कोट उचलून निघून गेली. दार बंद झाल्याचा आवाज आम्हाला इथे ऐकू आला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्या हिशेबातलं सगळ्यात पक्कं मत दाराबाहेर गेलं आहे. रॉबर्टच्याही लक्षात आलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे बोट दाखवलं.

कागद त्याच्या हातात होता, पण तो माझा नव्हता. त्याने रात्री बसून स्वतःच्या हाताने दुसरा लिहिला होता. त्याने घसा साफ केला आणि दोहातल्या नाताळच्या आवाजात सुरुवात केली : आदरणीय अध्यक्षा मिसेस ब्लॅकमोर, सन्माननीय सभासद, माननीय सचिव आणि सभेसाठी हॉल गरम करून ठेवणारे सगळे. मी डोळे मिटून घेतले.

मग त्याने एकेकाचे आभार मानले. नोव्हेंबरमध्ये युद्धात गेलेल्या गावकऱ्यांची नावं वाचताना मिसेस ब्लॅकमोर एका नावाशी थांबल्या होत्या आणि मग पुन्हा सुरुवातीपासून वाचल्या होत्या, त्याबद्दल. फेब्रुवारीत गल्लीत पाणी साचलं तेव्हा टॉमलिन आपला ट्रॅक्टर घेऊन पहाटे जाऊन चर खणून आले आणि पुढच्या सभेत त्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत, ते मिस डॉबींनी सांगितलं तेव्हा सगळ्यांना कळलं, त्याबद्दल. मिस डॉबींनी सूचनाफलकाला हिरवा रंग दिला आणि रंग हाताला लागलेलाच सभेला आल्या, त्याबद्दल. नील दर वेळी सगळे गेल्यावर खुर्च्या भिंतीला लावतो, कॅमेरा तेव्हा चालूच असतो, त्याबद्दल. सगळं सावकाश, प्रत्येक नावापुढे मिस्टर, मिसेस, मिस. सचिवबाईंपर्यंत तो पोचला, त्यांच्या सुवाच्य अक्षराचं कौतुक सुरू केलं आणि सचिवबाईंनीच समोरची छोटी घंटा वाजवली. तीन मिनिटं झाली होती.

त्याने अजून काहीच मागितलं नव्हतं.

रॉबर्ट कागदाकडे बघत राहिला. कागदाच्या खालच्या टोकाला त्याची मागणी होती, आणि आता ती वाचायची परवानगी नव्हती. नियम मोडायचं त्याच्या मनातही आलं नाही. तो म्हणाला, माफ करा, वेळ संपली, आणि बटणाकडे हात नेला.

मिस डॉबी आपल्या बोटांकडे बघत होत्या. मग मिसेस ब्लॅकमोर म्हणाल्या, मिस्टर मच्याडो, अध्यक्ष म्हणून मला एक प्रश्न विचारता येतो. तुम्ही हे सगळं बघता तरी कशासाठी?

"फोनवर ती मला फाइन म्हणते," रॉबर्ट म्हणाला. "इथे ती मला दिसते."

एवढंच. मग त्याने खरंच बटण दाबलं आणि टायची गाठ सैल केली. अलिना केव्हा येऊन माझ्यामागे उभी राहिली ते मला कळलं नव्हतं.

चर्चा फार झाली नाही. नील म्हणाला, चालू ठेवावं. मिस डॉबी म्हणाल्या की त्यांची हरकत लॅपटॉपला कधीच नव्हती, वायरीला आहे. वायर भिंतीकडेने चिकटपट्टी लावून नेली तर त्यांचं काही म्हणणं नाही. टॉमलिन म्हणाला, मी अजूनही विरुद्ध आहे, आपल्याला टीव्हीवर यायची काय गरज, पण त्या चराचं कुणीतरी इतिवृत्तात घ्या. मिसेस ब्लॅकमोरनी हात वर करायला सांगितलं. नील, मिस डॉबी आणि स्वतः अध्यक्ष. विरुद्ध टॉमलिन. प्रक्षेपण चालू, वायर भिंतीकडेने, जबाबदारी नीलची.

मग स्टेफीला आत बोलावलं. निकाल सांगितला. तिने मान हलवली, खुर्चीत बसली आणि पुढच्या विषयाचा कागद वर काढला. पुढचा विषय बस थांब्यामागच्या झुडपाचा होता. त्या झुडपावर ती बराच वेळ बोलली. कॅमेऱ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. रॉबर्ट म्हणाला, आंटी, रागावली आहे. मी म्हटलं, काम करते आहे.

सभा संपल्यावर त्याचा मोबाईल वाजला. घरी जाऊन बोलतो म्हणाला, पण बोट भलतीकडे लागलं आणि आवाज सगळ्या खोलीभर आला.

"पप्पा, कधीपासून?"

"मागच्या नोव्हेंबरपासून."

मग, "म्हणजे टॉमलिनशी भांडले, तेही?"

"ते मला परत बघायचं होतं. पण परत दाखवत नाहीत."

यावर ती हसली की रडली ते मला नीट कळलं नाही. रॉबर्टला कळलं असावं. ती इंग्रजीत बरंच बोलली. तुम्ही अशक्य आहात, मी त्या सभेत सेवाश्रमातल्या आज्यांची नक्कल केली आहे, नाक शिंकरलं आहे, आणि हे सगळं मम्मीलाही माहीत आहे का? रॉबर्टने सांगितलं की मम्मीला स्वेटरपुरतं माहीत आहे. मग स्टेफीचा आवाज खाली आला आणि ती मराठीत बोलली. तिचं मराठी हळू येतं, शब्द शोधत.

"पप्पा, फोनवर तुम्ही मोबाईल असा धरता की मला नुसतं तुमचं कपाळ दिसतं. किती वर्षं मी कपाळाशीच बोलते. आज पहिल्यांदा पूर्ण दिसलात. तुमची कॉलर किती सैल झाली आहे."

रॉबर्टने कॉलरला हात लावला. टाय सैल केला म्हणून, असं काहीतरी पुटपुटला. ती म्हणाली, टाय सोडायच्या आधी पाहिलं मी. शुगर तपासली का? तो म्हणाला, फाइन.

अलिनाने त्याच्यापुढे भाताचं ताट ठेवलं.

शेवटी असं ठरलं की पुढच्या सभेपासून ‘आर’ नाही, पूर्ण नाव. कॅमेरा चालू, आणि मोबाईल हातात नाही, टेबलावर उभा. शुगरचा अहवाल गुरुवारपर्यंत. स्टेफीने हे सगळं सभेत बोलावं तसं एकामागून एक सांगितलं आणि रॉबर्ट प्रत्येकाला मान हलवत गेला. फोन ठेवल्यावर तो सगळा भात जेवला, वर ताक मागितलं, आणि मग मार्थाला फोन लावायला खाली गेला. जिन्यातून त्याचा आवाज येत होता. तो सुरुवातीपासून सांगत होता, मिसेस ब्लॅकमोरपासून.

त्या दिवशीची माझी नोंद लांब झाली आहे. तिच्या शेवटी एवढंच लिहिलं आहे : उद्यासाठी चवळी भिजत घातली. बैठकीच्या एसीचा फिल्टर धुऊन गॅलरीत वाळत ठेवला.